एका माणसाच्या जेवणाची पावती

जपानच्या क्यूशू बेटावर, फुकुओका शहराजवळ काशिई नावाचा समुद्रकिनारा आहे. जानेवारीतल्या एका थंड सकाळी तिथल्या खडकांवर एक पुरुष आणि एक स्त्री शेजारी शेजारी मरून पडलेली सापडतात. जवळ संत्र्याच्या रसाची बाटली. रसात विष. प्रेमिकांनी ठरवून केलेली आत्महत्या, असे पोलीस ठरवून टाकतात. जपानात अशा आत्महत्येला जुनी परंपरा आहे, नाटकांतून गाजलेली आहे, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटत नाही. एका तोरिगाई नावाच्या उतारवयातल्या, जुनाट ओव्हरकोट घालणाऱ्या हवालदारछाप पोलिसाला मात्र मृताच्या खिशात एक चिठोरे सापडते. रेल्वेच्या डायनिंग कारची पावती. तिच्यावर लिहिलेले असते : माणसे, एक.

तोरिगाई घरी जातो आणि जेवताना लग्न ठरलेल्या मुलीला विचारतो, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला भूक लागली आणि तुला नसली, तर तू त्याच्याबरोबर जाऊन बसशील की नाही? मुलगी म्हणते, बसेन, निदान कॉफी तरी घेईन. तेवढ्यावरून तोरिगाईला खात्री पटते की ही दोघे गाडीत बरोबर नव्हतीच.

सेइचो मात्सुमोतो यांच्या 'तेन तो सेन' म्हणजे 'बिंदू आणि रेषा' या कादंबरीची ही सुरुवात. 1957 साली ती 'ताबी' या प्रवासाला वाहिलेल्या मासिकात क्रमशः येऊ लागली आणि 1958 साली पुस्तकरूपाने आली. मला ती जुन्या पुस्तकांच्या गाडीवर इंग्रजी भाषांतरात मिळाली. मी अर्नाळकरांवर वाढलेला वाचक. वाचनालयातल्या झुंजार आणि काळापहाडच्या फाटक्या प्रती संपवूनच माझे मराठी वाचन सुरू झाले. त्यामुळे रहस्यकथेत पिस्तूल, वेषांतर, भुयार यांची मला सवय होती. जेवणाच्या पावतीवरून खून उलगडतो, हे मी प्रथमच पाहत होतो. आणि मला लगेच वाटले की हे लिहिणारा माणूस आयुष्यात कधीतरी पावत्यांच्या जवळपास वावरलेला असला पाहिजे. गेली काही वर्षे मी मात्सुमोतोंची भाषांतरे आणि त्यांच्याविषयीचे इंग्रजीतले लेखन मिळेल तसे जमवत आलो, ते या एका तर्कापायी.

तर्क खरा निघाला. पण वाटला होता तितका सरळ नाही.

मात्सुमोतोंचा जन्म 1909 चा. बालपण शिमोनोसेकी आणि कोकुरा या भागात गेले. वडील या धंद्यातून त्या धंद्यात जाणारे, राजकारणाच्या गप्पांत रमणारे आणि कुठेच न टिकणारे. आई निरक्षर. प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्ता संपल्या तेव्हा पंधराव्या वर्षी शिक्षण थांबले आणि मुलगा एका विजेच्या सामानाच्या कंपनीत ऑफिसातला पोऱ्या म्हणून लागला. ती नोकरी गेली. मग शिळाछापाच्या छापखान्यात उमेदवारी. 1929 साली डाव्या साहित्याचे मासिक वाचणाऱ्या मित्रांच्या संगतीत दिसला म्हणून पोलिसांनी पकडून काही दिवस कोठडीत ठेवले. घरी वडिलांनी त्याची पुस्तके जाळून टाकली. पुढे आसाही शिंबुन या बड्या वृत्तपत्राच्या कोकुरा इथल्या शाखेत जाहिरातींची मांडणी करण्याचे काम मिळाले, तेही आधी कंत्राटावर. युद्धात सैन्यात भरती होऊन कोरियात आरोग्यपथकात चाकरी. परत आल्यावर वृत्तपत्राच्या पगारात आठ माणसांचे पोट भरेना, म्हणून सासुरवाडीकडच्या खेड्यांतून केरसुण्या घाऊक घेऊन शहरांतल्या दुकानांना विकायच्या. आणि या सगळ्यानंतर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून एका साप्ताहिकाच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली.

कष्टाचे आयुष्य आणि रहस्यकथा यांचा संबंध लावताना आपण सहसा एक सोपे गणित मांडतो. अमेरिकन लेखक जेम्स एलरॉय यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. 1958 साली, ते दहा वर्षांचे असताना, त्यांच्या आईचा खून झाला. खुनी सापडला नाही. पुढे त्यांनी 'द ब्लॅक डालिया' लिहिली, तीही न उलगडलेल्या स्त्रीहत्येवर, आणि नंतर आईच्या खुनाचा स्वतः माग काढणारे पुस्तकही लिहिले. जखम इथे, कादंबरी तिथे, मधे एक सरळ रेषा. एलरॉयच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही असेल. पण हे गणित मात्सुमोतोंना लावायला गेलो की हाती काही लागत नाही. त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत छापखान्यातला उमेदवार नाही, केरसुण्या विकणारा बाप नाही. 'हान्सेई नो कि' हे अर्ध्या आयुष्याचे आत्मवृत्त त्यांनी लिहिले, त्यातही आपल्याकडे सांगण्यासारखे तारुण्य नव्हतेच, अशी कुरकुर आहे. दारिद्र्याचा त्यांना अभिमान नव्हता आणि त्याचे भांडवलही त्यांनी केले नाही.

मग ते आयुष्य गेले कुठे? माझ्या मते ते दोन जागी गेले. एक, कागदाकडे पाहण्याच्या नजरेत. दोन, खुनाच्या कारणात.

कागदाचे आधी. त्यांची पहिली कथा 'साइगो-सात्सु' नोटांवर आहे. 1877 च्या बंडात साइगो ताकामोरीच्या फौजेने छापलेल्या आणि बंड मोडल्यावर कवडीमोल झालेल्या नोटा. ज्ञानकोशातल्या एका नोंदीवरून त्यांना ती सुचली. सरकार या नोटा परत घेणार, अशी अफवा उठते आणि एक माणूस तिच्या मागे लागून उद्ध्वस्त होतो. ज्याने वीस वर्षे दुसऱ्यांचा मजकूर दगडावर आणि कागदावर उतरवला, त्याची पहिलीच कथा छापलेल्या कागदाला किंमत कोण देतो आणि कोण काढून घेतो, यावर असावी, हा मला योगायोग वाटत नाही. मी स्वतः बारावीनंतर एका ऑफसेट छपाईच्या दुकानात पेस्टअपचे काम केले आहे. ब्रोमाइड कापायचे, गोंद लावायचा, ओळ सरळ बसवायची. त्या कामात मजकुराचा अर्थ तुमच्या हाती नसतो, पण एक आकडा चुकला तर दोष तुमचा असतो. या माणसाला अर्थाआधी आकडा दिसतो. आजही निमंत्रणपत्रिका हातात आली की माझी नजर आधी तारीख आणि वार जुळतात का, तिकडे जाते.

'बिंदू आणि रेषा'मधली प्रसिद्ध चार मिनिटे अशीच दिसलेली आहेत. टोकियो स्टेशनच्या तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट पाहायचा तर मधे सतत कुठली तरी गाडी उभी असते. दिवसाच्या त्या वेळी फक्त 5 वाजून 57 मिनिटांपासून 6 वाजून 1 मिनिटापर्यंत मधली जागा मोकळी होते. त्या चार मिनिटांत एका व्यापाऱ्याने साक्षीदारांना पलीकडे उभी असलेली 'जोडी' दाखवली. चार मिनिटांच्या फटीत कोणी योगायोगाने उभे राहत नाही, हे पोलिसांच्या ध्यानात येते आणि कटाचे पहिले टोक हाती लागते. याच कादंबरीत क्षयाने अंथरुणाला खिळलेली एक बाई आहे, जी दिवसभर रेल्वेचे वेळापत्रक वाचते. या क्षणी कुठल्या दूरच्या स्टेशनात कुठल्या दोन गाड्या एकमेकींना भेटत असतील, याची ती कल्पना करते आणि त्यावर एक सुरेख लेख लिहिते. मला ते पान या कादंबरीतले सर्वांत चांगले पान वाटते. जिला कुठेच जाता येत नाही तिनेच प्रवास असा वाचावा. आणि तेच पान कथानकात विषारी ठरते, ते कसे हे सांगत नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी एवढे राखून ठेवतो. पुढे मात्र काही ठिकाणी खुनी कोण हे सांगितल्याशिवाय मला माझा मुद्दा मांडता येणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

मात्सुमोतोंच्या आधी जपानी रहस्यकथेवर एदोगावा राम्पो आणि त्यांच्या पिढीची छाप होती. जुने वाडे, विक्षिप्त खुनी, बंद खोल्या. जत्रेतल्या भुताच्या तंबूतून ही कथा बाहेर उजेडात आणायची आहे, अशा अर्थाचे मात्सुमोतोंनी लिहिले आहे, आणि खून कसा झाला यापेक्षा का झाला यावर भर हवा, असा त्यांचा आग्रह होता. समीक्षक त्यांना 'सामाजिक' रहस्यकथेचे प्रवर्तक म्हणतात. हे लेबल बरोबर आहे, पण त्याने एक गोष्ट झाकली जाते. 'सामाजिक' म्हटले की आपल्याला वाटते की शोषित माणूस सूड घेत असेल. तशी कादंबरी त्यांनी लिहिली आहे. 'किरी नो हाता'मध्ये क्यूशूहून आलेली वीस वर्षांची टायपिस्ट टोकियोतल्या नामवंत वकिलाकडे भावाचा खटला घेऊन येते, फी परवडत नाही म्हणून परत पाठवली जाते, भाऊ तुरुंगात मरतो आणि ती वकिलाचा सूड घेते. पण त्यांच्या उत्तम कथांतला खुनी खाली दबलेला नसतो. तो खालून वर चढलेला असतो.

1956 च्या 'काओ' म्हणजे 'चेहरा' या कथेतला नट पाहा. त्याने पूर्वी एका स्त्रीचा खून केला आहे आणि त्या दिवशी आगगाडीत त्याला तिच्यासोबत एका माणसाने पाहिले आहे. आता त्याला चित्रपटात मोठे काम मिळू लागते. जितका तो प्रसिद्ध होईल तितका त्याचा चेहरा त्या साक्षीदारापर्यंत पोचेल. म्हणजे यशच त्याला फासाकडे नेणार. 'झेरो नो शोतेन'मध्ये कानाझावा शहरातली एक प्रतिष्ठित उद्योगपतीची पत्नी खून करते, कारण युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकन सैनिकांच्या छावणीजवळ तिने देह विकलेला असतो आणि तेव्हाचा एक पोलीस आता पुन्हा समोर आलेला असतो. 'सुना नो उत्सुवा' म्हणजे 'वाळूचे भांडे', 1960-61 ची कादंबरी. तिच्यातला वागा हा तरुण, नावाजलेला संगीतकार. त्याचा बाप कुष्ठरोगी. लहानपणी बापाबरोबर तो गावोगाव भटकत होता. ओसाकावरच्या बाँबहल्ल्यात सरकारी कुटुंबनोंदी जळाल्या, त्याचा फायदा घेऊन त्याने नव्या आईबापांची नोंद करून घेतली आणि नवा माणूस झाला. जपानने कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा 1996 सालापर्यंत रद्द केला नव्हता, हे ध्यानात घेतले की वागाच्या भीतीचे वजन कळते. कुष्ठरोग्याच्या घरच्यांना काय सोसावे लागते, हे बाबा आमट्यांच्या आनंदवनाविषयी वाचलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता या कथांत मारले जाते कोण, ते पाहा. 'वाळूचे भांडे'मधला मिकी हा निवृत्त खेड्यातला पोलीस. त्याने त्या भटक्या बापलेकांना एके काळी आसरा दिला, बापाची उपचारांची सोय केली. पैसे उकळायला तो आलेला नाही. ओळखीचा मुलगा मोठा झाला, याचा त्याला आनंद झाला आहे. कानाझावातल्या त्या बाईलाही पैशासाठी कोणी धमकावत नव्हते. म्हणजे मात्सुमोतोंच्या जगात खून होतो तो शत्रूचा नव्हे. आपण कुठून आलो हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा होतो, आणि त्याला ते प्रेमाने ठाऊक असले तरी सुटका नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. कारण ही भीती फक्त खुन्याची नाही. जो कोणी एक पायरी वर चढला त्याच्या पोटात ती असते. 1953 साली अकुतागावा पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी मात्सुमोतो कोकुरा सोडून टोकियोला आले, 1956 मध्ये नोकरी सोडली, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत ते जपानातले सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक झाले. हे सगळे खुनी त्यांनी त्या चढणीच्या वर्षांत लिहिले. कष्टाच्या वर्षांत त्यांना ते लिहिता आले नसते, असे मला वाटते. गरिबी असताना गरिबी लपवावी लागत नाही.

वृत्तपत्राच्या कचेरीतला भेद त्यांना सगळ्यांत बोचला होता. मुख्य कार्यालयातून आलेले पदवीधर एका रांगेत, स्थानिक भरतीचे लोक दुसऱ्या रांगेत. बढती नाही, कोणी नावाने हाक मारत नाही. या पार्श्वभूमीवर आत्मवृत्तातला एक कबुलीजबाब फार विलक्षण आहे. सैन्यात नवा रंगरूट म्हणून गेल्यावर त्यांना कचेरीपेक्षा मोकळे वाटले. बराकीत पदवीधर आणि अशिक्षित दोघांनाही सारखीच कानफटात बसत होती. समतेचा अनुभव एखाद्याला लष्करी बराकीत यावा, तोही दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्कराच्या, हे वाचून हसावे की काय करावे कळत नाही. पण मात्सुमोतोंचे मोठेपण इथेच आहे की हा अनुभव गैरसोयीचा म्हणून त्यांनी गाळला नाही.

त्यांचे दारिद्र्य थेट कथानकात उतरले असे एकच ठळक उदाहरण मला माहीत आहे, आणि तेही सैन्याशीच जोडलेले आहे. 'तोई सेक्किन' या उत्तरकाळातल्या कादंबरीचा नायक शिळाछापाचा कारागीर आहे. बत्तिसाव्या वर्षी त्याला भरतीचे बोलावणे येते. घर उघड्यावर पडते, कुटुंब हिरोशिमाला नातलगांकडे जाते आणि तिथे नष्ट होते. युद्ध संपल्यावर त्याला कळते की ते बोलावणे सम्राटाच्या नावाने आले असले तरी त्याचे नाव निवडले होते महापालिकेतल्या एका कारकुनाने, हा कवायतीला येत नाही म्हणून अद्दल घडवायला. मग तो त्या कारकुनाला शोधत निघतो. राष्ट्र, युद्ध, नियती अशा मोठ्या शब्दांच्या मागे शेवटी एक टेबल, एक यादी आणि एक शाईचा टाक असतो, हे सुचायला ज्याने टेबलाच्या पलीकडे उभे राहून वाट पाहिलेली आहे असाच माणूस लागतो.

याच नजरेचा तोटाही त्यांना झाला, आणि तो सांगितला नाही तर हा लेख आरती होईल. 1960 साली त्यांनी 'निहोन नो कुरोई किरी' ही लेखमाला लिहिली. अमेरिकेच्या ताब्यातल्या काळात जपानात घडलेल्या गूढ घटना, रेल्वेच्या अध्यक्षांचा रुळांवर सापडलेला देह वगैरे, एकामागून एक घेऊन त्यांनी प्रत्येकीमागे अमेरिकन अधिकाऱ्यांच्या गुप्त हालचाली दाखवल्या. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. कादंबरीकार ओओका शोहेई यांनी कडक टीका केली. निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. मला ओओकांचे पटते. पावतीवरून खुनापर्यंत जाणारा माणूस इथे खुनावरून पावतीकडे चालला होता. वरचे लोक नेहमी सुटतात, हे आयुष्याने शिकवलेले असले की काही काळाने आपल्याला सगळीकडे तेच दिसू लागते. कादंबरीत ही खात्री शोभते. 'बिंदू आणि रेषा'च्या शेवटी लाचखोर बडा अधिकारी अधिक चांगल्या जागेवर बदलून जातो आणि आपल्याला ते खरेच वाटते. इतिहास लिहिताना मात्र तीच खात्री आंधळी होते.

साहित्यातल्या रांगाही सुटल्या नव्हत्या. साठच्या दशकात एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने आधुनिक जपानी साहित्याची ऐंशी खंडांची माला काढली, तेव्हा संपादक मंडळावर असलेल्या युकिओ मिशिमा यांच्या तीव्र विरोधामुळे मात्सुमोतोंना तिच्यात जागा मिळाली नाही. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांच्या वाट्याला किती ओळी आल्या, ते ज्याचे त्याने मोजावे.

मागे एका चर्चासत्राला मी निबंध घेऊन गेलो होतो. नोंदणीच्या अर्जावर 'संस्था' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. टेबलावरच्या मुलाने अदबीने विचारले, सर, कॉलेज कोणतं लिहू? कोणतंच नाही म्हटल्यावर तो क्षणभर थांबला आणि त्याने 'इतर' असे लिहिले. चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी माझा विषय ऐकून घेतला आणि खरोखरच कुतूहलाने विचारले, पण याचा तुम्हाला उपयोग काय? त्यांच्या मनात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच मला उत्तर देता आले नाही.

ज्या कथेला अकुतागावा पारितोषिक मिळाले, त्या 'आरु कोकुरा निक्की देन'मध्ये हाच प्रश्न आहे. ही कथा आधी लोकप्रिय साहित्यासाठी असलेल्या नाओकी पारितोषिकाच्या यादीत होती, तिथून ती अकुतागावाकडे पाठवली गेली आणि तिथे जिंकली. तीत खून नाही. तरी मला ती त्यांची सर्वांत मोठी तपासकथा वाटते. कोसाकू नावाचा तरुण जन्मापासून अपंग आहे. पाय ओढत चालतो, तोंड मिटत नाही, बोललेले लोकांना कळत नाही. बुद्धी मात्र तल्लख. लेखक मोरी ओगाई लष्करी डॉक्टर म्हणून 1899 ते 1902 कोकुरात होते आणि त्या काळातली त्यांची रोजनिशी हरवली आहे, असे त्याला कळते. रोजनिशी नाही तर नाही, ओगाईंना पाहिलेली माणसे गाठून ती तीन वर्षे पुन्हा उभी करायची, असे तो ठरवतो. पायी पायी तो म्हाताऱ्या माणसांचे उंबरे झिजवतो. आई त्याच्याबरोबर जाते. कोणी हाकलते, कोणी तासभर बोलते. आणि एक जण सहज विचारतो की असले शोधून काय मिळणार. तो प्रश्न कोसाकूच्या मनातून जात नाही. तरीही तो टिपणे वाढवत राहतो. मग युद्ध येते, माणसे पांगतात, आजार बळावतो, आणि 1950 च्या अखेरीस तो मरतो. टिपणांचा गठ्ठा मागे राहतो.

फेब्रुवारी 1951 मध्ये टोकियोत ओगाईंची ती मूळ रोजनिशी सापडली. कोसाकूला हे कळले नाही, हे त्याचे सुदैव की दुर्दैव, एवढेच विचारून मात्सुमोतो कथा थांबवतात. ही कथा लिहिली तेव्हा ते कोकुरातच होते, जाहिरातींच्या चौकटी आखत होते, आणि पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हते. नंतर प्रसिद्धी, पैसा, सगळे मिळाल्यावर त्यांनी जपानच्या प्राचीन इतिहासावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, प्राचीन यामाताई राज्य नेमके कुठे होते यावर विद्यापीठातल्या पंडितांशी वाद घातले, आणि ऑगस्ट 1992 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे लेखन चालू होते. पैशासाठी ते करण्याची त्यांना आता गरज नव्हती.

त्या पावतीची छायाप्रत असती तर मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली असती. ती काल्पनिक असल्याने ठेवता येत नाही. तिच्या जागी माझ्या चर्चासत्राच्या अर्जाची पोच आहे. माणसे, एक. संस्था, इतर.